महिन्याचा मानकरी

कंपनीच्या अलीकडच्या वळणावर, टपरीच्या बाकड्याशी सोपानराव चहा पिताना दिसले आणि जयमालाची स्कूटी आपोआप हळू झाली. सकाळच्या पाळीची गर्दी होती. नागापूरच्या एमआयडीसीतला तो रस्ता या वेळी नुसता माणसांनी वाहत असतो. डबे अडकवलेल्या मोटारसायकली, कंपन्यांच्या बस, रात्रपाळी करून डोळे चोळत परतणारी पोरं. त्यात एक माणूस चहा पितोय, यात थांबून बघण्यासारखं काय होतं? रस्त्याकडे पाठ करून ते उकिडवे बसले होते. ग्लास बाकड्यावर ठेवलेला होता आणि ते त्याच्यावर वाकले होते. मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला तशी ती पुढं निघाली. पण गेटातून आत शिरताना, हेल्मेट काढताना, आरशात केस नीट करताना तिच्या डोळ्यांसमोर तो ग्लासच येत राहिला. कालच संध्याकाळी तिच्या केबिनमध्ये, तिनं पुढं केलेल्या कपाकडे न बघता हाच माणूस म्हणाला होता, "मी चहा घेत न्हाई, मॅडम."

काल म्हणाले होते, परवा म्हणाले होते, त्याच्याही आधी कितीदा तरी. आणि दर वेळी तिनं ते खरं मानलं होतं. खरं मानलं होतं का, हे मात्र तिला आता नक्की सांगता येईना.

या कंपनीत जयमाला आली ती माणसं टिकवायला. स्विचसाठी लागणारे पत्र्याचे भाग इथं बनायचे. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, कर्जत-जामखेडकडची पोरं कामाला लागायची, पत्रा कापणाऱ्या प्रेस शॉपमधला तो छातीत बसणारा आवाज काही दिवस ऐकायची आणि एखाद्या सणाला गावी गेली की परत उगवायचीच नाहीत. प्लांटचे प्रमुख वाबळे साहेब मुलाखतीतच तिला म्हणाले होते, "पगार सगळेच देतात, मॅडम. मला इथं असं वातावरण पाहिजे की माणसाचा पाय निघू नये." हे वाक्य तिला इतकं आवडलं होतं की पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून ती नगरला आली. नवरा पुण्यातच राहिला. शनिवार-रविवारी कधी तो येई, कधी ती जाई, आणि पुढं पुढं कोणीच कोणाकडे नेमानं जाईनासं झालं. इथं तिनं जीव ओतला. पाळी सुरू होण्याआधी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं, एकानं काहीतरी चांगली बातमी सांगायची. कॅन्टीनच्या भिंतीवर वाढदिवसांची नावं. दर महिन्याला एक मानकरी. आणि तिनं स्वतःच्या केबिनचं दार बिजागऱ्यांतून काढायला लावलं. नुसतं उघडं ठेवलं नाही, काढूनच टाकलं. त्या दिवशी ती सगळ्यांपुढं म्हणाली होती, "कधीही या. काम असलं पाहिजे असं नाही. नुसतं बसायला या." टाळ्या पडल्या होत्या. तिच्या हाताखालचा रमीज, जो हजेरीचं काम बघायचा आणि कार्यक्रमात माईक धरायचा, त्यानं त्या बिनदाराच्या केबिनचा फोटो कंपनीच्या अंकात छापून आणला होता. पण नुसतं बसायला कोणी आलं नाही. लोक रजेसाठी आले, भांडणासाठी आले, पीएफसाठी आले. आणि मग एका संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, सोपानराव आले.

"मॅडम, बसू का जरा?"

"बसा ना, सोपानराव. काय काम काढलंत?"

"काम काय न्हाई. बसलो आपला."

आणि ते खरोखरच बसले. उंच, वाळक्या अंगाचा, पन्नाशी उलटलेला माणूस. प्रेस शॉपमधला सगळ्यात जुना ऑपरेटर. आठवडाभर नागापुरात खोली करून राहायचे, रविवारी मिरजगावला घरी जायचे, एवढं तिला माहीत होतं. टोपी मांडीवर, दोन्ही हात टोपीखाली, नजर खिडकीबाहेरच्या सायकल स्टँडवर. ती वाट पाहत राहिली. माणूस आधी गप्प बसतो, मग बोलतो, हे ती शिकली होती आणि दुसऱ्यांना शिकवतही होती. शेजारच्या टाइम ऑफिसपुढं हजेरीच्या मशीनवर अंगठा लावून बाहेर पडणाऱ्यांची रांग लागलेली असायची, तिचा कलकलाट हळूहळू ओसरला. मग सोपानराव उठले, "येतो मॅडम" म्हणाले आणि गेले. ती तशीच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशीही. घरी काही अडचण? न्हाई. सुपरवायझर काही बोलतो? न्हाई, चांगला मानूस हाय. तब्येत? बरी हाय की. मग? तेव्हा ते किंचित ओशाळून म्हणाले होते, "तुमीच म्हनला हुता ना मॅडम, नुसतं बसाया या म्हनून. अडचन हुत आसंल तर ऱ्हाऊ द्या." तिला एकदम भरून आलं होतं. नाही नाही, अडचण कसली, रोज या, असं ती घाईघाईनं म्हणाली होती.

सुरुवातीला तिला अभिमान वाटला, हे कबूल करायला हवं. महिन्याच्या बैठकीत तिनं नाव न घेता सोपानरावांची गोष्ट सांगितली, आणि वाबळे साहेब मान डोलावत म्हणाले, "बघा, याला म्हणतात विश्वास." मग अभिमान ओसरला आणि जरा वैताग आला, समोर माणूस बसलेला असताना फोनवर नीट बोलता येत नाही, मेल लिहिताना आपल्याकडे कोणी बघतंय असं वाटतं. ते तर तिच्याकडे बघतही नसत. मग कधीतरी वैतागही गेला आणि सवय झाली. पाच वाजत आले की तिचे कान त्यांच्या बुटांकडे लागायचे. आणि एकदा तिच्या लक्षात आलं की बोलतेय ती स्वतःच. पुण्याच्या फ्लॅटचं, नवऱ्याचं, देवळाली प्रवरात एकट्या राहणाऱ्या आईचं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आणि ती ऐकत नाही याचं. सोपानराव "व्हय" म्हणायचे, "आसंच आसतं" म्हणायचे. आपण ज्या कामासाठी पगार घेतो ते काम हा माणूस आपल्यासाठी फुकट करतोय, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं आणि ती स्वतःशीच हसली. त्या दिवसापासून तिनं दोन कप चहा मागवायला सुरुवात केली. आणि त्या दिवसापासून तो नकार सुरू झाला.

देवळालीला शाळेत असताना तिची एक मैत्रीण होती. उसाच्या बागायतीतलं मोठं घर, पुढं पडवी, पडवीत झोपाळा. जयमाला रोज तिथं अभ्यासाला जायची. मैत्रिणीची आई प्रेमळ होती. कधी वावगं बोलली नाही, कधी उंबऱ्याबाहेर बसवलं नाही. फक्त चहाची वेळ झाली की आतूनच विचारायची, "जयमाला, तुला चहा आवडत नाही ना गं?" आणि जयमाला म्हणायची, "नाही काकू." पहिल्यांदा असं का म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. प्रश्नच असा विचारलेला असायचा की त्याला दुसरं उत्तर नव्हतं. मग ते उत्तर इतकं पाठ झालं की घरी आईनं चहा दिला तरी ती म्हणायची, मला आवडत नाही. आईनं एकदाच तिच्याकडे नीट बघितलं होतं. त्या घरानं तिला काही केलं नव्हतं. हेच अवघड होतं. बोट ठेवायला जागाच नव्हती. कॉलेजात गेल्यावर एका दुपारी मेसमध्ये तिनं एकटीनं बसून तीन कप चहा प्यायला होता आणि मग रडली होती, आणि आपण का रडतोय हे शेजारच्या मुलीला सांगता आलं नव्हतं. आता ती पस्तिशीत होती, तिच्या हाताखाली माणसं होती, तिच्या एका शब्दावर कार्यक्रम ठरत होते. तरी एक माणूस तिच्यासमोर बसून रोज म्हणत होता, मी चहा घेत नाही. आणि आज तोच माणूस रस्त्यावरच्या टपरीवर, कोणी धुतलेल्या, कोणी आधी प्यायलेल्या ग्लासाला तोंड लावत होता.

तिनं स्वतःला समजावलं. दिवसभर समजावलं. सकाळी पीत असतील, संध्याकाळी पित्त होत असेल. पण प्रत्येक समजुतीच्या खालून ती पडवी वर येत राहिली. त्यांना माझं नाव माहीत आहे, आडनाव माहीत आहे. माझ्या टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो आहे. रोज समोर बसून ते खिडकीबाहेर बघतात, फोटोकडे बघत नाहीत, हेही तिला आता आठवलं, आणि आठवलं तसं ते वाढत गेलं. पाच वाजता बूट वाजले. सोपानराव येऊन बसले. तिनं मुद्दाम एकच कप मागवला, त्यांच्यासमोर सावकाश प्यायली, आणि कप खाली ठेवताना म्हणाली, "सोपानराव, उद्यापासून जरा वेळ ठरवू या का? दर गुरुवारी. आधी सुपरवायझरला सांगून ठेवायचं. मलाही कामं असतात."

ते दचकले नाहीत. फक्त टाइम ऑफिसच्या रांगेकडे एकदा बघितलं. "बरं मॅडम," म्हणाले. "चुकलं आसंल तर..." आणि उठून गेले. रांगेत जाऊन उभे राहिले. ती काचेतून बघत होती. त्यांचा नंबर आला तेव्हा मशीनपाशी काहीतरी खोळंबा झाला, मागची पोरं ओरडली, कोणीतरी हसलं, "काका, अंगठा घासून या!" रमीज आतून उठून आला आणि त्यानं वहीत सही घेऊन त्यांना सोडलं. मशीन जुनं झालंय, बदलायला सांगितलं पाहिजे, एवढंच तिच्या मनात आलं.

गुरुवारी ते आले नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाही. पाच वाजायचे, बूट वाजत जायचे, आणि ती उगीच कागद हलवत बसायची. राग टिकला असता तर बरं झालं असतं. रागाच्या जागी एक बारीक बोच आली. समजा ते तसेच असले, तरी? आपण सगळ्यांसाठी म्हणून दार काढलं होतं. त्यात चहा पिणारे आणि न पिणारे असा भेद केला नव्हता. आणि समजा तसे नसले, तर? या दुसऱ्या प्रश्नापाशी तिला बसवत नसे. काहीतरी केलं पाहिजे होतं. काहीतरी करणं हेच तिचं काम होतं. कंपनीचा वर्धापन दिन जवळ आला होता, हेड ऑफिसचे लोक यायचे होते. तिनं वाबळे साहेबांना सुचवलं की या महिन्याचे मानकरी सोपानराव. आणि समई पाहुण्यांच्या हातून नको, त्यांच्या हातून लावू या. साहेबांनी टेबलावर थाप मारली. "फर्स्ट क्लास! हे पाहिजे मला. जुना माणूस, त्याच्या हातून उद्घाटन." रमीज म्हणाला, "मॅडम, आधी सांगायचं त्यांना?" ती म्हणाली, "नको. अचानक नाव पुकारू. आनंद अचानकच बरा."

कॅन्टीनची टेबलं हलवून मंडप केला होता. पहिल्या रांगेत सोफे, मागं खुर्च्या, त्यामागं उभी माणसं. रमीजचा आवाज गोड होता, आणि त्यानं नाव घ्यायच्या आधी बरीच प्रस्तावना केली. या प्लांटमधला सगळ्यात जुना हात, ज्याच्या हातून लाखो तुकडे निघाले, ज्याच्या नावावर एक चूक नाही. मागं पोरांनी आधीच ओळखलं आणि आरडाओरडा सुरू केला. सोपानराव एका खांबाला टेकून उभे होते. नाव पुकारल्यावर ते हलले नाहीत. जयमाला स्टेजवर तबक घेऊन उभी होती, तिला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसला. त्यावर भीती होती आणि भीतीच्या आतून काहीतरी उजळत होतं, आणि दोन्ही एकमेकांना ढकलत होती. मग पोरांनी त्यांना पुढं लोटलं. टोपी हातांपुढं धरून ते चालत आले. पायातले बूट बाजूला काढून स्टेजवर चढले. तिनं तबकातली पेटलेली मेणबत्ती त्यांच्यापुढं केली, आणि त्यांनी टोपीखालून हात काढला.

पहिल्यांदा तिला वाटलं, पंखा लागतोय. ज्योत हलत होती, मग नुसती हलत नव्हती, फडफडत होती. वाऱ्याची ती हालचाल नव्हती. मनगटापासून बोटांपर्यंत तो उजवा हात थरथरत होता, आणि डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं तसे दोन्ही थरथरायला लागले. मेणबत्ती वातीच्या इकडून जायची, तिकडून जायची. मेण त्यांच्या बोटांवर सांडलं. लोकांना वाटलं, म्हातारा घाबरला. टाळ्यांचा जोर वाढला. "भारावून गेलेत आपले सोपानराव!" रमीज माईकवर म्हणाला, आणि त्याचाही आवाज खराच भरून आला होता. जयमालाचं तबक तिच्या हातात जड झालं. उकिडवे बसलेले, बाकड्यावर ठेवलेल्या ग्लासावर वाकलेले, रस्त्याकडे पाठ केलेले. टोपीखाली हात. अंगठा घासून या काका. सगळं एकदम तिच्यासमोर येऊन उभं राहिलं आणि तिच्या कानात टाळ्यांऐवजी प्रेस शॉपचा आवाज सुरू झाला. पुढं होऊन त्यांचा हात धरावा, असं तिला वाटलं. पण धरला तर सगळ्यांना कळेल. आणि नाही धरला तर? ती दोन पावलांवर उभी होती. तेवढ्यात हेड ऑफिसचे पाहुणे हसत पुढं आले, त्यांनी स्वतःचा हात सोपानरावांच्या हातावर ठेवला आणि वात पेटली. त्याच क्षणी फोटो निघाला. फोटोत सगळे हसत होते. इतका चांगला फोटो कंपनीच्या कुठल्याच कार्यक्रमाचा आला नव्हता.

पहिल्या रांगेत एक माणूस टाळ्या वाजवत नव्हता. सेफ्टीचं काम बघणारे आसाराम गाडेकर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या केबिनमध्ये आले आणि उभेच राहिले.

"मॅडम, तुम्ही पाहिलंत ना काल?"

"काय?"

गाडेकरांनी तिच्याकडे बघितलं. ते वाईट माणूस नव्हते. "मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "पण पाहिलं. आता कसं करायचं सांगा. प्रेसवर बोट जायला डोळ्याचं पातं लवण्याएवढा वेळ लागतो. उद्या त्यांचा पंजा गेला, तर घरी जाऊन त्यांच्या बायकोला, विमलबाईंना, तुम्ही सांगणार का मी?"

त्याच दिवशी सोपानरावांना प्रेसवरून काढलं. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं, मग नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. गोळ्यांनी थोडं कमी होईल, जाणार नाही, असं ते म्हणाले. दीड-दोन वर्षांपासून हे चालू असणार, आणि इतके दिवस यांनी मशीन कसं चालवलं याचंच त्यांना नवल वाटलं. जयमाला धावली. पॅकिंगला टाकू या म्हणाली. तिथं बारीक वस्तू मोजून भरायच्या. तपासणीला बसवू; तिथं हातात मायक्रोमीटर धरून मापं घ्यायची. स्टोअरला कॉम्प्युटर, गेटवर ठेकेदाराची माणसं. वाबळे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, दिसतच होतं. "मॅडम, मी काय राक्षस आहे का? पण माझ्याकडे हातांचीच कामं आहेत," ते म्हणाले. "चांगला हिशोब करून देऊ. नियमापेक्षा जास्त देऊ. आणि निरोप असा द्या की बाकीच्यांना दिसलं पाहिजे, ही कंपनी माणसाला विसरत नाही." तिला कोणावर तरी ओरडायचं होतं. ओरडायला कोणीच चुकलेलं नव्हतं. निरोपाचा कार्यक्रम तिनंच केला. शाल, नारळ, केक. हार घालताना तिनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं, आणि ते मात्र तिच्याकडे बघून हसले, असं नंतर रमीजनं सांगितलं.

पुढचे काही आठवडे तिला सकाळच्या गोलात उभं राहणं जड जायला लागलं. "आज कोणाकडे चांगली बातमी आहे?" ती विचारायची, आणि पोरं बातम्या सांगायची, बहिणीला मुलगा झाला, गाडी घेतली. ती हसायची. हसताना तिची नजर त्यांच्या हातांवर जायची, खिशात घातलेल्या, पाठीमागं बांधलेल्या, आणि काय लपवलंय म्हणून ती शोधायला लागायची. मग त्या शोधण्याचीच तिला लाज वाटायची. रात्री आईचा फोन आला की ती गुडघ्याचं विचारायची आणि उत्तर ऐकायची नाही. शेवटी एका रविवारी तो फोटो फ्रेम करून तिनं पिशवीत घातला आणि मिरजगावची एसटी धरली. फोटो द्यायला जातेय, असं तिनं स्वतःला सांगितलं. माफी मागायला, हे वाक्य तिनं बसमध्ये मनात कितीदा तरी जुळवलं, मोडलं. माफी कशाची मागणार? तुम्ही चहा घेत नव्हता म्हणून मी तुम्हाला काय समजले, हे सांगणार? सांगून ते ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवणार?

घर रस्त्यापासून आत होतं. पत्र्याचे दोन खण, पुढं लिंबाचं झाड, ओट्यावर वाळत घातलेली तूर. विमलबाईंनी तिला कधी बघितलं नव्हतं, तरी लगेच ओळखलं. "या, या, म्याडम! आवो, कंपनीतल्या म्याडम आल्यात!" त्यांनी सतरंजी अंथरली, पाणी दिलं, लिंबाचं सरबत केलं. फोटो बाहेर काढला तसा तो पदरानं पुसला, उन्हात धरला, शेजारच्या दोन बायांना हाक मारून दाखवला. "ह्ये बगा आमचं मालक. आन् ह्ये मुंबईचं सायेब. हात धरलाय बगा कसा." जयमाला मान खाली घालून सरबत पीत राहिली. तेवढ्यात सोपानराव मागच्या बाजूनं आले. वाळले होते, पण चेहरा मोकळा होता. हात त्यांनी लपवला नव्हता. अंगाच्या बाजूला तो आपला थरथरत होता, घरातलं एखादं जुनं माणूस बडबडत असतं आणि त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, तसा. शेजाऱ्यांना ते म्हणाले, "ह्या आमच्या कंपनीतल्या मॅडम. ह्यांच्याकडं कदीबी जा, बसू देत्यात. काय इचारीत न्हाईत."

मी विचारत होते, तिला म्हणावंसं वाटलं. रोज विचारत होते. आणि शेवटी घालवून दिलं. पण विमलबाई हसत होत्या, शेजारणी तिच्याकडे आदरानं बघत होत्या, आणि तिनं रिकामा ग्लास विमलबाईंच्या हातात दिला.

परत निघताना ते तिला सोडायला रस्त्यापर्यंत आले. नगरकडं जाणाऱ्या गाड्या धुरळा उडवत जात होत्या. बस लांब कुठं दिसत नव्हती. दोघं एका बंद दुकानाच्या सावलीला उभी राहिली, आणि तिथं तिनं एकदाचं विचारलं, "सोपानराव, मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू मॅडम? सांगितलं आसतं तर तुमाला ते वर कळवावं लागलं आसतं. तुमच्या जिवाला घोर." त्यांनी उजवा अंगठा वर करून दाखवला. "पाळी सुटली की अंगठा लागायचा न्हाई. मागं लाइन. पोरं हसायची. तुमच्याकडं जरा टेकलं की हात गप व्हायचा. तुमी तुमच्या आईचं सांगायचा, मला बरं वाटायचं. मग लाइन सरली की जायाचं."

"आणि मी येऊ नका म्हणाले."

"तुमाला कामं आसत्यात."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं रस्त्याकडे तोंड केलं. "मी तुम्हाला स्टेजवर बोलवायला नको होतं," ती म्हणाली. "मला माहीत असतं तर... मीच तुमचं नाव दिलं, सोपानराव. मीच."

"मला ठावं हुतं की. रमीजनं सांगितलं नंतर."

"तुम्ही यायला नको होतं. बरं नाही म्हणायचं. निघून जायचं मागच्या मागं."

एक उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत समोरून गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत सोपानराव थांबले. मग म्हणाले, "खोटं कशाला सांगू, मॅडम. नाव पुकारलं तवाच कळलं, आता हात दिसनार. दिसला का संपलं. खांबापाशी हुतो, मागं दार हुतं, निसटता आलं आसतं." ते हसले. "पर एवढी वरसं झाली, माईकवर कुनी नाव घेतलं न्हवतं. समदी पोरं वरडत हुती. मला म्हनावंच वाटलं न्हाई, न्हाई म्हनून."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर तक्रारीचा मागमूस नव्हता. असता तर तिला तो धरता आला असता, त्याच्याशी भांडता आलं असतं, त्याची भरपाई करता आली असती. तिथं होता तो नुसता आनंद, जुना झालेला, पण अजून न विटलेला, आणि तो तिनंच दिलेला होता. मिरजगावच्या त्या भर उन्हात तिला कळेना की आपण या माणसाचं काय केलं. चांगलं केलं की वाईट केलं, हे सांगणारं तिला कोणी भेटणार नव्हतं.

वळणावर बस दिसली. सोपानराव रस्त्यावर पुढं झाले, हात दाखवायला लागले, बस हळू झाली.

"आता ह्या महिन्याला कुनाचं नाव हाय, मॅडम?" त्यांनी विचारलं. खरोखर जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं.

"गोजरबाईंचं," ती म्हणाली. "पॅकिंगच्या."

"आरं वा! चांगलं झालं. लई राबती ती बाई. लाजाळू हाय पर." कंडक्टरनं दार उघडलं होतं, तो घाई करत होता. जयमाला पायरीवर चढली. सोपानराव खालून, गाडीच्या आवाजात मोठ्यानं ओरडून म्हणाले, "तिला सांगा मॅडम, भिऊ नको म्हनावं! बिनघोर जा वर! लई टाळ्या वाजवत्यात!"

"सांगते," जयमाला म्हणाली. दार लागलं, बस निघाली, आणि आपलं 'सांगते' त्यांना ऐकू गेलं की नाही, ते तिला कळलं नाही.